शाळेचे आकडे आणि शाळेची सुधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या आकडेवारीबद्दल शिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. यू-डायस, सरल, परख, असर... यातलं कोण नेमकं काय मोजतं?

यू-डायस प्लस म्हणजे शाळेची वार्षिक मोजदाद: पट, शिक्षक, खोल्या, पाणी, शौचालय, वीज, संगणक. १९९४-९५ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून तिची सुरुवात झाली. २०१२-१३ मध्ये माध्यमिक शाळा त्याच प्रणालीत आल्या आणि २०१८-१९ पासून ती पूर्ण ऑनलाइन झाली. सरल ही महाराष्ट्राची स्वतःची प्रणाली, २०१५ पासूनची. विद्यार्थी, शिक्षक आणि संच मान्यतेची (पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवण्याच्या प्रक्रियेची) नोंद तिच्यात होते.

मुलं किती शिकली हे या दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी दोन मोठी सर्वेक्षणं आहेत. परख राष्ट्रीय सर्वेक्षण ही जुन्या 'नॅस'ची, म्हणजे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाची, पुढची आवृत्ती. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक वर्गांत ते झालं. ७८१ जिल्ह्यांतल्या सुमारे ७४ हजार शाळा आणि २१ लाखांवर विद्यार्थी त्यात होते. असर हे 'प्रथम' संस्थेचं सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे. ते फक्त ग्रामीण भागात होतं आणि शाळेत न होता घरोघरी होतं.

२. आमच्या शाळेची माहिती सामान्य माणसाला बघता येते का?

येते. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' या विभागात शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक टाकला की शाळेची बरीचशी माहिती उघडते. क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा. दाखल्यावर किंवा गुणपत्रकावर तो बहुतेक वेळा छापलेला असतो. पालकांनी तिथे जाऊन एकच गोष्ट करावी: कागदावरची शाळा आणि डोळ्यांना दिसणारी शाळा ताडून पाहावी. 'शौचालय: चालू स्थितीत' असं लिहिलं असेल आणि दाराला वर्षभर कुलूप असेल, तर समितीच्या पुढच्या बैठकीचा पहिला विषय ठरला.

३. एकूण पटनोंदणीचं प्रमाण १०० टक्क्यांच्या वर कसं असू शकतं? हा छपाईचा घोळ आहे का?

घोळ नाही. पहिली ते पाचवीत शिकणाऱ्या सगळ्या मुलांना, मग त्यांचं वय काहीही असो, त्या टप्प्याच्या योग्य वयातल्या मुलांच्या लोकसंख्येने भागतात. लवकर दाखल झालेली आणि मागे राहिलेली मुलं अंशात येतात, छेदात येत नाहीत. योग्य वयाची किती मुलं शाळेत आहेत हे पाहायचं असेल तर निव्वळ पटनोंदणीचं प्रमाण बघा.

४. असर म्हणतं मुलांना वाचता येत नाही. आमच्या प्रगतिपुस्तकात सगळ्यांना 'अ' श्रेणी. खरं कोणाचं?

दोघांचंही खरं असू शकतं, कारण दोघं वेगवेगळे प्रश्न विचारतात. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीत तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, वर्गकार्य अशी आकारिक मूल्यमापनाची साधनं मिसळलेली असतात. शिवाय ती श्रेणी त्या इयत्तेच्या अभ्यासावर असते. असरमध्ये मात्र मूल तिसरीतलं असो की आठवीतलं, त्याच्यापुढे तीच पायरी ठेवली जाते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घेतात.

देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीची किती मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात, याचे असरचे आकडे असे आहेत: २०१८ मध्ये २७.३ टक्के, कोविडनंतर २०२२ मध्ये २०.५ आणि २०२४ मध्ये २७.१. म्हणजे गाडी पुन्हा जुन्या जागी आली. ती जुनी जागाही काही अभिमानाची नव्हती.

वर्गातल्या 'अ' श्रेणीबद्दल शंका असेल तर वाद घालत बसू नका. मागच्या इयत्तेच्या पुस्तकातला, मुलांनी पाठ न केलेला एक उतारा घ्या आणि प्रत्येकाकडून वेगळा वाचून घ्या. एका दुपारचं काम आहे.

५. परखमध्ये आमचा जिल्हा मागे पडला. आमची शाळाही मागे समजायची का?

नाही. परख हे नमुना सर्वेक्षण आहे. जिल्ह्यातल्या थोड्या शाळा निवडायच्या, त्यातल्या थोड्या मुलांची चाचणी घ्यायची आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधायचा, अशी त्याची रचना. एकेका शाळेचा किंवा विद्यार्थ्याचा निकाल लावण्यासाठी ते बनवलेलंच नाही. तुमची शाळा नमुन्यात आली असली तरी त्यावर 'आमची शाळा अमुक टक्के' अशी पाटी लावू नये.

जिल्ह्याच्या अहवालात शाळेच्या कामाचं एक पान मात्र असतं: कोणत्या क्षमतेत जिल्ह्यातली मुलं अडली आहेत ते. जिल्हा अपूर्णांकात अडला असेल, तर तुमच्या सहावीत अपूर्णांकांवर चार प्रश्न देऊन पाहा. आपली मुलं तिथेच अडली की दुसरीकडे, हे तेवढ्यावरून कळेल.

६. देशातली विद्यार्थिसंख्या एका वर्षात कोटीहून अधिक घटली, असं वाचलं. एवढी मुलं गेली कुठे?

आकडे खरे आहेत: २०२१-२२ मध्ये २६.५२ कोटी, २०२२-२३ मध्ये २५.१७ कोटी, २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी, २०२४-२५ मध्ये २४.६९ कोटी. त्यांचा अर्थ लावताना मात्र सांभाळावं लागतं. २०२२-२३ पासून मोजण्याची पद्धतच बदलली. आधी शाळा एकूण संख्या कळवत असे. आता प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होते. एकच मूल दोन शाळांच्या पटावर असेल तर ते पकडलं जाण्याची शक्यता वाढली. जन्मदर घटल्याने काही मुलं मुळातच कमी आहेत. काही खरोखर शाळेबाहेर गेली असतील. या तिन्हींचा वाटा एका आकड्यातून वेगळा काढता येत नाही, म्हणून २०२१-२२ आणि २०२२-२३ या वर्षांची थेट तुलना टाळावी. गळतीच्या दरालाही हेच लागू आहे. पद्धत बदलली की आलेखात तिथे उभी रेघ मारावी, ही साधी शिस्त बातम्यांतच काय, सरकारी सादरीकरणांतही क्वचित दिसते.

७. तालुक्याचं विद्यार्थी-शिक्षक प्रमाण उत्तम आहे म्हणतात, मग आमच्या वाडीवर एकच शिक्षक कसा?

सरासरीमुळे. समजा एका शाळेत ६० मुलं आणि चार शिक्षक, दुसरीत ४० मुलं आणि एक शिक्षक. दोन्ही मिळून १०० मुलांना पाच शिक्षक, म्हणजे वीस मुलांमागे एक. प्रमाण उत्तम, आणि दुसऱ्या शाळेत एकटा माणूस चार-पाच वर्ग सांभाळतोय. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, म्हणजे त्या एकट्या शिक्षकाच्या जोडीला दुसरा मिळणं हा शाळेचा हक्क आहे.

यू-डायस प्लसच्या २०२४-२५ च्या आकड्यांनुसार देशात १,०४,१२५ एकशिक्षकी शाळा आहेत आणि त्यांत सुमारे ३३.७६ लाख मुलं शिकतात. त्याच वर्षी देशातल्या शिक्षकांची संख्या एक कोटीच्या वर गेली. दोन्ही गोष्टी एकाच अहवालात आहेत. म्हणून धोरण ठरवणाऱ्याने सरासरीबरोबर 'किती शाळा किमान निकषाखाली आहेत' हे विचारलंच पाहिजे. तुम्ही मागणी करताना तालुक्याच्या प्रमाणाचा उल्लेखही करू नका. आपल्या शाळेचा पट, मंजूर पदं, भरलेली पदं आणि कायद्याचा निकष, एवढंच लिहा.

८. माझ्या वर्गात आठच मुलं आहेत. टक्केवारी काढू की नको?

नको. आठातल्या सहा मुलांना वाचता आलं तर ७५ टक्के, पाच जणांना आलं तर ६२.५. तालुक्याच्या बैठकीत ही 'साडेबारा टक्क्यांची घसरण' म्हणून पडद्यावर येते. प्रत्यक्षात ते एक मूल आहे, आणि कदाचित चाचणीच्या दिवशी तापाने फणफणलेलं. वीसपेक्षा कमी मुलांच्या वर्गात टक्क्यांऐवजी नावं लिहावीत. वरून टक्केवारीच मागितली तर द्या, पण शेजारी '८ पैकी ५' असंही लिहा.

९. चाचणीचे गुण भरून झाले. आता त्यांचं करायचं काय?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. गुण वर जातात, महिन्याभराने रंगीत तक्ता खाली येतो आणि तोवर वर्ग पुढच्या घटकावर गेलेला असतो. म्हणून तक्त्याची वाट पाहू नका. उत्तरपत्रिका तुमच्या हातात आहेत, तेव्हाच काम उरका.

एकूण गुण बाजूला ठेवा. २५ पैकी ११ यावरून काय शिकवायचं ते कळत नाही. प्रश्नवार पाहा. एका कागदावर डावीकडे मुलांची नावं, वर प्रश्न क्रमांक, चुकलं तिथे फुली. फुल्या उभ्या ओळीत दाटल्या असतील, म्हणजे एकच प्रश्न बहुतेकांचा चुकला असेल, तर तो घटक नीट शिकवून झालेला नाही किंवा प्रश्नाची भाषाच अवघड होती. तो पूर्ण वर्गाला पुन्हा घ्या. फुल्या आडव्या ओळीत दाटल्या असतील, तर त्या मुलाला वेगळी मदत लागणार.

मग चूक कशी झाली ते पाहा. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिणाऱ्याला वजाबाकी येत नाही असं नव्हे. त्याने सातातून दोन वजा केले, म्हणजे मोठ्यातून लहान. त्याला हातचा समजलेला नाही. ७९ लिहिणाऱ्याने बेरीज केली. त्याचं चिन्हाकडे लक्ष नाही. दोघांनाही शून्यच गुण, पण दोघांना शिकवायचं वेगळं.

यानंतर मुलांचे पातळीनुसार गट करा, इयत्तेनुसार नव्हे, आणि दिवसातला ठरावीक वेळ त्या पातळीचंच शिकवा. ही सुचवणूक हवेतली नाही. 'प्रथम'च्या बालसखी कार्यक्रमात मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर काढून त्यांच्या पातळीचं शिकवलं जाई. मुंबई आणि बडोद्यात त्याची यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून) तपासणी झाली आणि मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांचा त्या संशोधनात सहभाग होता. पुढे स्तरनिहाय अध्यापन म्हणून हीच पद्धत अनेक राज्यांत पसरली.

सहा-आठ आठवड्यांनी त्याच धाटणीची, पण वेगळ्या आकड्यांची छोटी चाचणी घ्या. कोण पुढच्या गटात गेलं ते टिपा. जे हललेच नाहीत, त्यांच्यासाठी आधीचाच उपाय आणखी जोरात करण्यात अर्थ नसतो. डोळे, कान, हजेरी आणि घरची भाषा तपासा (प्रश्न १५ पाहा).

१०. सरासरी गुण वाढले, तरी वर्ग सुधारल्यासारखा वाटत नाही. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. आधी चाचणीला बसलेल्यांची संख्या बघा. ४० च्या वर्गातली मागे पडलेली सहा मुलं त्या दिवशी आलीच नाहीत तर सरासरी आपोआप वर जाते. दुसरं, यंदाची पाचवी आणि गेल्या वर्षीची पाचवी ही वेगळी मुलं आहेत. सुधारणा पाहायची तर यंदाच्या पाचवीची तुलना त्याच मुलांच्या गेल्या वर्षीच्या चौथीशी करा. तिसरं, गेल्या वर्षीचा निकाल फारच वाईट असेल तर यंदा थोडा चढ काही न करताही दिसतो. एका वर्षाच्या चढाचं श्रेय घेऊ नये, एका वर्षाच्या उताराबद्दल कोणाला धारेवर धरू नये. तीन वर्षं एका दिशेने गेली की बोलू.

११. रोजची हजेरी ऑनलाइन भरतो. तिचा शाळेला काय उपयोग?

महिन्याची सरासरी काढलीत तर जवळजवळ काहीच नाही. ८५ टक्के हजेरी म्हणजे सगळी मुलं अधूनमधून गैरहजर, की सहा-सात मुलं महिनाभर गायब? दुसरी परिस्थिती कितीतरी गंभीर, आणि सरासरी दोन्हींत तीच. म्हणून महिन्यात पाच किंवा अधिक दिवस न आलेल्या मुलांची नावं काढा. मग वार बघा: बाजाराच्या दिवशी ठरावीक मुलं घरी राहतात का? सहावी-सातवीच्या मुली महिन्याच्या काही दिवशी येत नाहीत का? तसं असेल तर शौचालयात पाणी आहे का ते आधी बघा, समुपदेशन नंतर.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत आणखी एक गोम आहे. पटासाठी ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरण्याची यू-डायसची जुनी रीत. त्या दिवशी बीडच्या एखाद्या तांड्यावरची सगळी मुलं शाळेत असतात. कोयते (ऊसतोड मजुरांच्या जोड्या) निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि मग उन्हाळ्यापर्यंत वर्ग अर्धा रिकामा. वार्षिक आकडेवारीत ही मुलं 'पटावर' म्हणूनच राहतात. हंगामी वसतिगृहाची मागणी करताना पटाचा आकडा तुमच्या विरोधात जाईल. नोव्हेंबर ते मार्चची महिनावार हजेरी जोडा, शक्यतो तीन वर्षांची.

१२. शाळा व्यवस्थापन समितीपुढे आकडे मांडले की सगळे गप्प बसतात. काय करावं?

चाळीस रकान्यांचा तक्ता दाखवला तर कोणीही गप्पच बसेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणं हे समितीचं काम आहे. म्हणजे हे आकडे ऐकून घेणारे लोक नाहीत, त्यावर निर्णय घेणारे आहेत. तीनच गोष्टी मांडा: तिसरीच्या किती मुलांना गोष्ट वाचता येते, गेल्या महिन्यात कोण सतत गैरहजर होतं, आणि दुरुस्तीचं कोणतं काम अडलंय. प्रत्येकासोबत मागच्या बैठकीतला आकडा. मग थांबा आणि त्यांना बोलू द्या. 'अमक्याची आई दवाखान्यात आहे, म्हणून तो येत नाही,' हे कोणत्याही पोर्टलवर नसतं. मुलांची नावं घेताना मात्र प्रश्न १६ ध्यानात ठेवा.

१३. निकाल वाढवणाऱ्याला बक्षीस आणि घटला तर नोटीस, यात वाईट काय?

आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा टांगली की लोक आकडा सुधारतात. शाळा सुधारेलच असं नाही. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकात हे नियम म्हणून मांडलं. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात त्याचा पुरावा मिळाला: २०११ च्या चौकशी अहवालानुसार ४४ शाळांमध्ये मुलांच्या गुणांत फेरफार झाले होते आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं त्यात आली.

आपल्याकडेही उदाहरण आहे. शिक्षकांची पदं आणि अनुदान पटावर ठरतं, त्यामुळे पट फुगवण्यात फायदा होता. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली आणि कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत.

याचा अर्थ कोणालाही जाब विचारू नये असा नाही. आकडा कमी का आला हे विचारावं, आणि खरा पण वाईट आकडा कळवणाऱ्याला मदत आधी मिळावी. ज्या केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात) वाईट आकड्याला नोटीस येते, तिथून पुढच्या वर्षी चांगलेच आकडे येतात. त्यावर आधारलेलं धोरण मग कोणत्या शाळेला साहित्य आणि प्रशिक्षण देणार?

राज्यांच्या कामगिरी प्रतवारी निर्देशांकाकडेही असंच पाहावं. तो १००० गुणांचा असतो आणि त्यात शिकण्याबरोबर सुविधा, समता, प्रशासन असे अनेक घटक मिसळलेले असतात. राज्याची श्रेणी बदलली की आधी कोणत्या घटकामुळे बदलली ते वाचा.

१४. पट वीसपेक्षा कमी आहे म्हणून शाळा बंद किंवा एकत्र करणं योग्य का?

फक्त पटावर ठरवणं योग्य नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे (अशा अनेक शाळा मिळून एक मोठी शाळा) प्रस्ताव मागवले गेले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं पुढे ठेवली होती. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक आणि खेळायला सोबती मिळतात, हा युक्तिवाद पोकळ नाही.

पण निर्णयाला लागणारी माहिती पटाच्या रकान्यात नाही. नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या. नकाशावरचं अंतर आणि पायवाटेचं अंतर वेगळं. मध्ये ओढा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये ती वाट असतेच असं नाही. वाहनाचा खर्च पाच वर्षांनीही मिळेल का? शाळा बदलल्यावर किती मुलींची हजेरी टिकली? आपलं गाव अशा यादीत आलं तर समितीने हे आकडे स्वतः गोळा करून ठरावाला जोडावेत. पट वीसपेक्षा कमी आहे हे शिक्षण विभागाला माहीतच आहे.

१५. घरी भिली, गोंडी किंवा कोरकू बोलणारी मुलं मराठी चाचणीत 'अप्रगत' दिसतात. हा आकडा खरा धरायचा?

मराठी वाचनाचा आकडा म्हणून खरा, आकलनाचा म्हणून नाही. पहिली-दुसरीत तोच उतारा घरच्या भाषेत सांगून प्रश्न विचारा. मूल उत्तर देत असेल तर त्याला गोष्ट कळते, मराठी अजून पुरेशी येत नाही. उपाय भाषेचा करायचा, 'मंदगती' असा शेरा मारायचा नाही. दृष्टी किंवा श्रवणाची अडचण असलेल्या मुलांबाबतही असंच: सोयीशिवाय घेतलेल्या चाचणीचा गुण नोंदवताना 'सोय दिली नव्हती' हे शेजारी लिहा.

१६. गुणांची यादी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली तर चालेल का? आणि अपार क्रमांक सक्तीचा आहे का?

यादी टाकू नका. प्रत्येक पालकाला आपल्या मुलाचेच गुण कळावेत. सभेत बोलायचं तर संख्या बोला. आधार क्रमांक, जात, अपंगत्व, पत्ता हे तर कोणत्याही गटावर जाता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

अपार हा विद्यार्थ्याच्या ओळखीचा १२ अंकी क्रमांक पालकांच्या लेखी संमतीने काढायचा असतो. संमती न देण्याचा पालकांना अधिकार आहे, हे त्यांना फॉर्मवर सही घेताना सांगा, नंतर नाही.

१७. मुलाचं आधार नाही किंवा जुळत नाही. त्याला पटात धरायचं का?

वर्गात बसतंय तर हजेरीपत्रकात आणि पटात आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम १४), आणि शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटलं आहे. अडचण येते ती संच मान्यतेत, कारण तिथे आधार पडताळलेला पट मागितला जातो आणि जुळणी न झालेल्या मुलांमुळे पद धोक्यात येऊ शकतं. अशा मुलांची वेगळी यादी ठेवा: नाव, अडचण काय (नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, बोटांचे ठसे), दुरुस्तीला कधी पाठवलं, आणि हजेरीपत्रकाची प्रत. ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

१८. आधीच्या मुख्याध्यापकांनी चुकीचे आकडे भरले होते. आता दुरुस्त केले तर आमच्यावर येईल का?

चूक तशीच पुढे नेलीत तर ती तुमची होईल. माहिती प्रमाणित होण्याआधी शाळेच्या लॉगिनमधून बदल करता येतो. नंतर केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याकडे लेखी अर्ज द्यावा लागतो. अर्जात जुना आकडा, खरा आकडा आणि पुरावा, म्हणजे हजेरीपत्रक, दाखल-खारीज रजिस्टर किंवा खोलीचा फोटो, एवढंच असावं. कोणाची चूक होती यावर परिच्छेद लिहू नका. खोल्या किंवा शौचालयांची संख्या एकदम बदलत असेल तर समितीचा ठराव जोडा, म्हणजे पुढच्या तपासणीत तोच प्रश्न पुन्हा उठणार नाही.